एकाच काळ्या मातीचे ओलाव्याचे दोन आकडे: प्रयोगशाळेत ओलावा नीट कसा मोजावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावी माती परीक्षणाची छोटी प्रयोगशाळा नुकतीच सुरू केलेल्या एका कृषी पदवीधराने एकाच वावरातली भारी काळी माती दोन ठिकाणी तपासली. स्वतःच्या ओव्हनमध्ये ओलावा ३१.६ टक्के आला, दुसऱ्या प्रयोगशाळेच्या अहवालात २४ टक्के. यातला खरा कोणता, आपले कुठे चुकते का, आणि शेतकरी दारात उभा असताना चोवीस तास न थांबता हे काम होईल का, असे त्यांनी विचारले आहे.

तुमचे चुकलेले नाही, आणि बहुधा त्या दुसऱ्या प्रयोगशाळेचेही चुकलेले नाही. २४ ला ७६ ने भागा आणि १०० ने गुणा. उत्तर ३१.६ येते. तुम्ही पाण्याचे वजन कोरड्या मातीच्या वजनाने भागले, त्यांनी ओल्या मातीच्या वजनाने. त्यांना फोन करून एवढेच विचारा की टक्केवारी कोणत्या वजनावर काढली आहे आणि कोणते यंत्र वापरले. हॅलोजन दिव्याने माती वाळवत वजन करणाऱ्या मॉइश्चर बॅलन्सवर किंवा कार्बाइडच्या रॅपिड मॉइश्चर मीटरवर काम केले असेल, तर पडद्यावर किंवा काट्यावर दिसणारा आकडा सहसा ओल्या वजनावरचा असतो आणि तो तसाच अहवालात उतरतो.

मातीच्या कामात मात्र ओलावा कोरड्या वजनावरच सांगायचा असतो. भारतीय मानक आयएस २७२० च्या दुसऱ्या भागात हेच आहे, आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ११४६५ मध्येही हेच आहे, आणि पिकाच्या पाण्यापासून धरणाच्या भरावापर्यंत सगळे हिशेब याच आकड्यावर चालतात. माती भिजली, सुकली, पुन्हा भिजली तरी तिच्यातले कोरडे कण तेवढेच राहतात. ओले वजन रोज बदलते, आणि रोज बदलणाऱ्या वजनाने भागले तर सोमवारच्या आकड्यातून शुक्रवारचा आकडा वजा करता येत नाही. सोयाबीनच्या खरेदीत जो १२ टक्के ओलावा पाहतात तो ओल्या वजनावरचा असतो. धान्याच्या व्यापारात ती रीत योग्यच आहे, कारण तिथे पोत्याच्या वजनाचे पैसे मोजायचे असतात. कोरड्या वजनावर मोजल्यामुळे मातीचा ओलावा १०० टक्क्यांच्या वरही जाऊ शकतो. खाडीकाठच्या मऊ चिखलात किंवा दलदलीच्या सेंद्रिय मातीत असे आकडे दिसतात, आणि ते पाहून गणित चुकले असे समजण्याचे कारण नाही.

हा फरक वावरात किती महागात पडतो ते पाहा. समजा वरच्या ३० सेंटीमीटर थराची घनता (कोरड्या मातीचे वजन भागिले आकारमान) दर घनसेंटीमीटरला १.२५ ग्रॅम आहे. वजनावरचा ओलावा आणि ही घनता यांचा गुणाकार म्हणजे आकारमानावरचा ओलावा. ३१.६ धरला तर तो ३९.५ टक्के, म्हणजे त्या थरात ११८ मिलिमीटर पाणी. कोणी २४ हा आकडा त्याच सूत्रात घातला तर ९० मिलिमीटर. भारी काळ्या मातीत पीक कायमचे कोमेजते तो बिंदू कोरड्या वजनावर साधारण १८ ते २२ टक्क्यांवर असतो. २० धरला तर ७५ मिलिमीटर पाणी मातीत असूनही मुळांना मिळत नाही. मग पिकासाठी उरले एका हिशेबाने ४३ मिलिमीटर, दुसऱ्याने १५. पीक रोज ५ मिलिमीटर पाणी घेत असेल, तर पहिला हिशेब सांगतो आठ दिवस थांबा, दुसरा सांगतो तिसऱ्या दिवशी पाणी सोडा. पाण्याची पाळी, वीज, मजुरी आणि मुळाशी तुंबणारे पाणी, सगळे एका भागाकारावर येते. म्हणून अहवालात टक्क्याच्या चिन्हापुढे ‘कोरड्या वजनावर’ हे दोन शब्द लिहिल्याशिवाय कागद हातातून सोडू नका.

आता तुमच्या ओव्हनकडे येऊ. ओव्हन पाणी मोजत नाही. तो सांगतो ते इतकेच की १०५ ते ११० अंश सेल्सिअसला ठेवल्यावर मातीचे वजन किती घटले. नदीच्या वाळूत या दोन गोष्टी एकच असतात. आपल्या काळ्या मातीत तसे नसते. दख्खनच्या बेसाल्टपासून तयार झालेल्या या मातीत स्मेक्टाइट गटाची चिकणखनिजे भरपूर असतात. त्यांचे पातळ थर एकावर एक रचलेले असतात, आणि थरांच्या मधल्या फटीत कॅल्शियम-मॅग्नेशियमसारख्या आयनांना चिकटून पाणी बसलेले असते. मोकळ्या छिद्रांतले पाणी लवकर जाते. थरांमधले पाणी सावकाश जाते, आणि त्यातले थोडे ११० अंशांनाही मागे राहते. तापमान १३० केले तर आणखी थोडे वजन घटेल, १५० केले तर आणखी थोडे. पाणी कुठे संपले आणि खनिज कुठे सुरू झाले अशी स्पष्ट रेघ या मातीत नसते. म्हणून जगभरच्या मातीवाल्यांनी एक अट ठरवून घेतली: इतके तापमान, आणि वजन घटायचे थांबेपर्यंत. तुमचा आकडा इतरांच्या आकड्याशी जुळतो तो या अटीमुळे. अट मोडली की आकडा येतो, पण तो कशाशीच लावून पाहता येत नाही.

चुका सर्वांत जास्त कुठे होतात असे विचाराल तर मी ओव्हनचे नाव शेवटी घेईन. तराजूचेही नाही. ०.०१ ग्रॅमच्या तराजूवर ४० ग्रॅम मातीत होणारी चूक नगण्य असते. आकडा बिघडतो तो वावरात आणि वाटेत.

काळ्या मातीच्या वावरात दोन हातांच्या अंतरावर ओलावा तीन-चार टक्क्यांनी वेगळा निघणे नेहमीचे आहे. मार्च-एप्रिलमध्ये जमीन भेगाळते तेव्हा भेगेच्या काठाची माती आतून-बाहेरून वाळलेली असते, आणि तिथून वीतभर आत गेले की हाताला ओल लागते. ठिबक असेल तर ड्रिपरखाली एक माती आणि दोन ओळींच्या मध्ये दुसरी. शेतकरी ‘वावरातली माती’ म्हणून एक पिशवी आणून ठेवतो, तेव्हा ती नेमकी कुठली हे विचारायलाच हवे. सरासरी ओलावा हवा असेल तर पाच-सहा ठिकाणचे नमुने वेगवेगळे तपासा आणि नंतर सरासरी काढा. त्यातून वावर किती असमान आहे तेही कळते. सगळे एकत्र कालवून एकच नमुना करण्याची रीत अन्नद्रव्यांच्या परीक्षणासाठी ठीक आहे. ओलाव्यासाठी नाही, कारण कालवता कालवताच माती वाळते. थरही वेगळे ठेवा: ० ते १५, १५ ते ३०, ३० ते ६० सेंटीमीटर. गिरमिटाने काढताना वरची भुसभुशीत कोरडी माती भोकात पडते आणि खालच्या थराच्या नमुन्याला चिकटून वर येते. गिरमिटातल्या मातीचा वरचा आणि कडेचा भाग काढून टाका आणि मधला गाभा घ्या.

घेतलेली माती ताबडतोब बंद करा. उत्तम म्हणजे वजन करून ठेवलेल्या, झाकण घट्ट बसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या डब्या वावरातच न्या, तिथेच भरा, झाकणाच्या कडेने चिकटपट्टी गुंडाळा आणि सावलीत ठेवा. प्रयोगशाळेत आल्यावर पट्टी काढून, चिकटलेली माती पुसून, त्याच दिवशी वजन करा. पिशवी वापरायची झाली तर जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या, एकात एक, हवा दाबून काढलेल्या. उन्हात मोटारसायकलच्या डिकीत तासभर राहिलेल्या पिशवीच्या आतल्या बाजूला दवासारखे थेंब जमलेले दिसतात. ते पाणी मातीतलेच आहे. पिशवी उघडून मधली माती चमच्याने काढून घेतली तर ते पाणी पिशवीलाच राहते. अशा वेळी पिशवी न उघडता थंड होऊ द्या, माती आतल्या आत हलवून थेंब तिच्यात मिसळू द्या, मग उघडा.

किती माती घ्यायची हे कणांच्या आकारावर ठरते. मानकानुसार ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून जाणारी बारीक माती असेल तर निदान २५ ग्रॅम, २ मिलिमीटरपर्यंतचे कण असतील तर ५० ग्रॅम, ४.७५ मिलिमीटरपर्यंत २०० ग्रॅम, २० मिलिमीटरपर्यंत ५०० ग्रॅम. काळ्या मातीला २५ ग्रॅम चालतात, तरी मी ४० ते ५० ग्रॅम घेतो, कारण तिच्यात चुनखडीचे खडे असतात आणि लहान नमुन्यात एक खडा आला तरी आकडा सरकतो. मुरमाड जमिनीत हा प्रश्न मोठा होतो. खड्यांना ओल कमी, मधल्या मातीला जास्त. दोन्ही मिळून ओलावा सांगायचा की २ मिलिमीटरखालच्या मातीचा, हे आधी ठरवा आणि लिहा. कुजलेला मुरूम स्वतःही पाणी धरतो, तेव्हा त्याला दगड समजून फेकून देऊ नका.

डब्यांबद्दल दोन शब्द. क्रमांक डबीवर आणि झाकणावर दोन्हीकडे ठोकून घ्या. मार्करची शाई ओव्हनमध्ये उडते आणि कागदी चिठ्ठीचे स्वतःचे वजन बदलते. झाकणांची अदलाबदल झाली तर वजाबाकी कायमची बिघडते. रिकाम्या डबीचे वजन वहीत एकदा लिहिले म्हणून वर्षभर तेच वापरू नका. डब्या घासल्या जातात, चेपतात, तळाला मातीचा थर धरतात. प्रत्येक वेळी धुऊन, वाळवून, नव्याने वजन करायला अर्धा मिनिट लागतो.

ओली माती डबीत भरताना ढेकळे बोटांनी वाटाण्याएवढी फोडा, पण भरभर. काळ्या मातीचे अंगठ्याएवढे ढेकूळ बाहेरून करकरीत वाळते आणि आत गाभा ओला राहतो. झाकणासह वजन करा, मग झाकण काढून डबीच्या खाली ठेवा आणि दोन्ही ओव्हनमध्ये सरकवा.

ओव्हनच्या दारावरच्या आकड्यावर विसंबू नका. तो आकडा सेन्सर जिथे बसवला आहे तिथल्या हवेचा असतो. वेगळा तपासलेला थर्मामीटर घ्या, त्याचे टोक वाळूने भरलेल्या लहान बीकरमध्ये खुपसा आणि तो बीकर पाळीपाळीने प्रत्येक कप्प्यात ठेवून पाहा. पंखा नसलेल्या ओव्हनमध्ये खालचा कप्पा हीटरजवळ असल्याने तापलेला आणि दाराजवळचा कोपरा थंड, असे दहा अंशांपर्यंतचे फरक मी अनेक ओव्हनमध्ये पाहिले आहेत. ज्या कप्प्यात १०५ ते ११० अंश मिळतात तिथेच ओलाव्याच्या डब्या ठेवा. डब्यांमध्ये बोटभर अंतर हवे, वरचे झरोके उघडे हवेत. आणि अर्धवट वाळलेल्या डब्यांच्या शेजारी नव्या ओल्या डब्या ठेवू नका. ओल्या मातीची वाफ त्या कोंदट पेटीत पसरते आणि वाळत आलेल्या काळ्या मातीचे वाळणे रखडते. आधीची खेप बाहेर काढा, मग नवी घाला.

किती वेळ? सगळीकडे चोवीस तास लिहिलेले असते आणि बहुतेक मातींना तेवढे पुरतात. पण खरी अट वजन स्थिर होण्याची आहे. चार तासांच्या अंतराने दोनदा वजन करा, फरक ०.१ टक्क्यापेक्षा कमी झाला की माती वाळली. आपल्याकडे रात्री वीज जाते, ओव्हन थंड होतो, पहाटे पुन्हा चालू होतो, आणि सकाळी घड्याळात चोवीस तास पूर्ण झालेले दिसतात. अशा खेपेला घड्याळ काहीच सिद्ध करत नाही, दुसरे वजन करते. आठवड्यातून एका खेपेला तरी हे दुसरे वजन करा. तुमची माती, तुमचा ओव्हन आणि तुमच्या डब्यांची संख्या यांना खरोखर किती तास लागतात ते महिन्याभरात कळेल, आणि कदाचित ते सोळाच निघतील.

बाहेर काढल्यावरची दहा मिनिटे काळ्या मातीसाठी सर्वांत नाजूक असतात. ओव्हनमधून निघालेली ही माती हवेतली वाफ अधाशासारखी ओढते. चिमट्याने डबी उचला, ओव्हनच्या तोंडाशीच झाकण लावा आणि डेसिकेटरमध्ये, म्हणजे तळाशी ओल शोषणारे सिलिका जेल असलेल्या घट्ट झाकणाच्या काचेच्या भांड्यात, ठेवा. सिलिका जेलचा रंग बदललेला असेल तर तो आधी तापवून पुन्हा कोरडा करून घ्या. गुलाबी पडलेले निळे जेल ठेवलेला डेसिकेटर म्हणजे नुसते काचेचे भांडे. पावसाळ्यात डबी उघडी टेबलावर थंड होत राहिली आणि ४० ग्रॅम कोरड्या मातीने ०.३ ग्रॅम वाफ घेतली, तर ३१.६ चा आकडा ३०.६ होतो. म्हणजे ओव्हनमध्ये दिवसभर कमावलेली अचूकता चहा पिईपर्यंत गेली. गरम डबी तराजूवर ठेवली तर उलट चूक होते. तिच्याभोवती तापलेली हवा वर चढते, पारडे हलके दाखवते, आणि ओलावा आहे त्यापेक्षा जास्त निघतो. हाताच्या पाठीला डबी कोमट लागत नाही इतकी थंड झाली की वजन करा.

तुमच्या नमुन्याचे गणित असे असणार, म्हणून तसेच मांडतो. रिकामी डबी झाकणासह २१.४६ ग्रॅम. डबी आणि ओली माती ७३.९२. डबी आणि कोरडी माती ६१.३३. घटलेले वजन १२.५९, कोरडी माती ३९.८७. १२.५९ ÷ ३९.८७ × १०० = ३१.६ टक्के. हेच १२.५९ ओल्या मातीच्या ५२.४६ ग्रॅमने भागले की २४.० टक्के. अहवालात एक दशांश स्थळ पुरे. ३१.५७८ असे लिहिल्याने वावरातली असमानता कमी होत नाही.

पद्धत बरोबर चालली आहे का हे कळण्यासाठी दुसऱ्या प्रयोगशाळेची वाट पाहायला नको. प्रत्येक खेपेत एक रिकामी डबी ठेवा. तिचे वजन आधी होते तेच आले पाहिजे. आणि महिन्यातून एकदा ओव्हनमध्ये वाळवलेली ४०.०० ग्रॅम वाळू घेऊन तिच्यात १०.०० ग्रॅम पाणी तराजूवरच घाला. उत्तर २५.० आले पाहिजे. २४.८ आले तर ठीक. २३.५ आले तर वजन, झाकण किंवा वाळवणे यांपैकी काहीतरी ढिले आहे. हा ताळा वहीत तारखेसह लिहून ठेवा. गिऱ्हाईक शंका घेऊन येईल तेव्हा त्याच्यापुढे ती वही उघडता येते.

काही मातींना १०५ अंशांचा नियम तसाच लावता येत नाही. चोपण जमीन सुधारायला शेतकरी जिप्सम टाकतात. जिप्समच्या वजनाचा जवळजवळ २१ टक्के भाग हा स्फटिकात बांधलेल्या पाण्याचा असतो, आणि ते पाणी १०० अंशांच्या आतच सुटू लागते. नुकतेच जिप्सम टाकलेल्या वावराची माती १०५ अंशांना वाळवली की हे पाणीही ओलाव्यात जमा होते. आयएस मानक अशा मातीला ८० अंशांच्या वर न जाण्यास सांगते. वेळ जास्त लागतो, त्याला इलाज नाही. म्हणून शेतकऱ्याला विचारायच्या प्रश्नांत हा एक घाला: यंदा जिप्सम टाकले आहे का? शेणखत किंवा कंपोस्ट भरपूर असलेल्या मातीतही जास्त तापमानाला सेंद्रिय भाग थोडा जळतो आणि तोही पाणी म्हणून मोजला जातो. तिथे ६० ते ८० अंश बरे. चुनखडीबद्दल मात्र निर्धास्त राहा. अनेक जण तिला घाबरतात, पण कॅल्शियम कार्बोनेट फुटायला कित्येक शे अंश तापमान लागते. खारवट किंवा खाडीकाठच्या मातीत पाण्यात विरघळलेले मीठ ओव्हनमध्ये मागे राहते आणि कोरड्या मातीच्या वजनात मिसळते, त्यामुळे ओलावा थोडा कमी दिसतो. शेतीच्या कामासाठी तो फरक सोडून देता येतो. समुद्रकाठच्या पायाच्या कामासाठी माती आली असेल तर सोडू नका, मिठाची दुरुस्ती करा.

आणखी एक गोष्ट, जी माती परीक्षण करणारे पुष्कळ जण विसरतात. तुम्ही स्फुरद, पालाश, सेंद्रिय कर्ब तपासता ती माती सावलीत वाळवलेली असते. ती कोरडी दिसते, पण काळ्या मातीत तेव्हाही ६ ते ८ टक्के ओलावा सहज असतो. तराजूवर घेतलेल्या १० ग्रॅममध्ये खरी माती ९.३ ग्रॅमच्या आसपास असते, आणि हलक्या रेताड मातीत तीच ९.९. दोन मातींची तुलना करायची असेल तर निकाल ओव्हनमध्ये वाळलेल्या मातीवर आणले पाहिजेत. तेव्हा रोजच्या नमुन्यांबरोबर सावलीत वाळलेल्या मातीचाही ओलावा काढत जा.

मिलिमीटरमध्ये पाणी सांगायचे असेल तर घनता वेगळी मोजावी लागते, आणि इथे काळी माती पुन्हा वेगळी वागते. ती ओली असताना फुगते, वाळताना आक्रसते, म्हणजे तिची घनता ओलाव्याबरोबर बदलते. पुस्तकातली घनता उचलून वापरू नका. ज्या दिवशी ओलाव्याचा नमुना घेतला त्याच दिवशी, त्याच थरात, माहीत असलेल्या आकारमानाची स्टीलची कडी हळूहळू ठोकून गाभा काढा, दोन्ही टोके सुरीने सपाट करा आणि ती माती पूर्ण वाळवून तिचे वजन त्या आकारमानाने भागा. ओलावाही त्याच गाभ्यावर काढला तर दोन्ही कामे एका नमुन्यात होतात. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांत आता जमिनीत सेन्सर पुरलेले असतात. त्यांचा आकडा आकारमानावरचा असतो, आणि त्यांचे मूळ गणित सहसा हलक्या-मध्यम जमिनींवर बसवलेले असते. १९८० साली टॉप आणि सहकाऱ्यांनी टीडीआरसाठी (मातीत विद्युत लहर सोडून ओलावा मोजण्याच्या पद्धतीसाठी) दिलेले प्रसिद्ध समीकरणही भारी चिकणमातीत घसरते, कारण थरांत बांधलेले पाणी विद्युत लहरींना मोकळ्या पाण्यासारखा प्रतिसाद देत नाही. बागायतदार सेन्सरचा आणि तुमचा आकडा घेऊन भांडायला आला तर त्याच्याच बागेत, सेन्सरपासून हातभर अंतरावर कडी ठोका. ओलाव्याचा सेन्सर कोणताही असो, त्याची परीक्षा शेवटी ओव्हनच्या आकड्यावरच होते.

आता घाईच्या पद्धती. चोवीस तास न थांबता अंदाज मिळतो, आणि काही कामांना तो पुरतो. वापसा आला का, आज भरावावर रोलर फिरवायचा का, असे प्रश्न उद्यापर्यंत थांबत नाहीत.

स्पिरिट ओतून माती पेटवण्याची पद्धत तुमच्या काळ्या मातीसाठी सोडूनच द्या. मानकातच म्हटले आहे की चिकणमाती, जिप्सम, चुनखडी किंवा सेंद्रिय पदार्थ जास्त असतील तिथे ती वापरू नये, आणि आपल्या मातीत यातल्या निदान दोन गोष्टी असतातच. वाळूच्या तव्यावर माती तापवण्याची पद्धत साइटवर चालते. त्यात मातीत पांढऱ्या कागदाचे कपटे टाकतात. कपटे तपकिरी पडले की माती जास्त तापली. हा साधा इशारा फार उपयोगी आहे, तो टाळू नका.

कार्बाइडच्या मीटरमध्ये बहुतेक यंत्रांत ६ ग्रॅम माती घेतात. तिच्यातले पाणी कॅल्शियम कार्बाइडशी मिळून ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि त्याचा दाब काट्यावर टक्क्यांत दिसतो. पाच-दहा मिनिटांत काम होते. काळ्या मातीत अडचण अशी की ढेकळाच्या आतल्या पाण्यापर्यंत कार्बाइड पोचत नाही आणि आकडा कमी येतो. माती जितकी बारीक फोडता येईल तितकी फोडा, आतले पोलादी गोळे घालायला विसरू नका, आणि काटा पूर्ण थांबेपर्यंत थोड्या थोड्या वेळाने हलवत राहा. काट्यावरचा आकडा १०० मधून वजा करा, उरलेल्याने त्या आकड्याला भागा आणि १०० ने गुणा, तेव्हा कोरड्या वजनावरचा ओलावा मिळतो. वायू बाहेर सोडताना तोंड दुसरीकडे करा आणि जवळपास विडी, स्टोव्ह, बर्नर काही नको. ॲसिटिलीन भडकून पेट घेतो. कार्बाइडचा डबा घट्ट बंद ठेवा. पावसाळ्यात उघडा राहिलेला कार्बाइड हवेतल्या ओलीनेच मरतो आणि मग प्रत्येक माती कोरडी दाखवतो.

मायक्रोवेव्ह हा चोवीस तासांना सर्वांत जवळचा पर्याय आहे, आणि त्याला एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेचे डी ४६४३ हे मानक आहे. काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात नमुना ठेवा, ॲल्युमिनियमची डबी आत कधीच नको. आधी तीन मिनिटे, मग एकेक मिनिट, प्रत्येक वेळी बाहेर काढून हलवा, थंड करा, वजन करा, ०.१ टक्क्यापेक्षा कमी फरक पडला की थांबा. एकदम दहा मिनिटे लावली तर मातीचे तापमान ११० च्या पुष्कळ वर जाते, थरांमधले पाणीही निघते, आणि काळ्या मातीत आकडा वाढतो. जिप्समची किंवा सेंद्रिय माती यात घालू नका, आणि खडे फुटून उडतात म्हणून मुरमाड मातीवर झाकण ठेवा.

यातले कोणतेही यंत्र घेतले तरी आधी तुमच्या भागातल्या मातीवर ते ओव्हनशी ताडून घ्या. एकाच काळ्या मातीचे २० पासून ४० टक्क्यांपर्यंत वेगवेगळ्या ओलाव्याचे आठ-दहा नमुने तयार करा. प्रत्येकात मोजून पाणी घाला, पिशवीत बंद करून रात्रभर मुरू द्या, मग प्रत्येकाचा अर्धा भाग यंत्रात आणि अर्धा ओव्हनमध्ये तपासा. आलेख कागदावर आडवा यंत्राचा आकडा, उभा ओव्हनचा. रेघ सरळ आली तर त्या मातीसाठी घाईचा आकडा त्या रेघेवरून दुरुस्त करून द्या आणि अहवालात तसे लिहा. वरच्या टोकाला रेघ वाकली, आणि काळ्या मातीत कार्बाइडच्या मीटरने ती बऱ्याचदा वाकते, तर ३० टक्क्यांच्या पुढच्या ओल्या नमुन्यांना तो मीटर वापरू नका. ते ओव्हनमध्येच जाऊ द्या आणि शेतकऱ्याला दुसऱ्या दिवशी दुपारी बोलवा.